नोंदणी साठ जणांची, उरतात पंधरा: विद्यार्थी स्वयंसेवक गटातल्या भेटीगाठी कशा आखाव्यात

प्रश्न थोडक्यात असा: विद्यार्थ्यांच्या स्वयंसेवक गटात सत्राच्या सुरुवातीला साठेक जण नाव नोंदवतात आणि दोन महिन्यांत पंधरा उरतात. काम बरं चाललंय, पण माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. वर्षातून एक मोठं गेट-टुगेदर होतं, त्यातही जुने जुन्यांतच बसतात. कोणते कार्यक्रम ठेवले म्हणजे गट जमेल?

मोठं गेट-टुगेदर बंद केलंत तरी फारसं बिघडणार नाही. त्यात जाणारा पैसा आणि होणारी दमछाक छोट्या, ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटींकडे वळवा. आणि प्रत्येक भेट आखताना एकच माणूस डोळ्यांसमोर ठेवा: कुणाच्याही ओळखीशिवाय, एकटा आलेला नवा मुलगा किंवा मुलगी. जुन्यांची काळजी करू नका. त्यांना रिकाम्या खोलीत सोडलं तरी ते मजा करतात.

तासांचा हिशोब आधी मांडा

जेफ्री हॉल या अमेरिकी संवाद-अभ्यासकाचा 2018 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या कामी फार उपयोगी आहे. नव्या गावात आलेले प्रौढ आणि विद्यापीठात नुकतेच दाखल झालेले विद्यार्थी यांच्या पाहणीवरून त्याने अंदाज बांधला, की नुसती ओळख जुजबी मैत्रीपर्यंत जायला साधारण 50 तास लागतात, मित्र म्हणण्याइतकं जवळ यायला सुमारे 90 आणि घट्ट मैत्रीला 200 हून जास्त. आकडे ढोबळ आहेत, पण त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: केवळ एकत्र काम करण्यात किंवा वर्गात शेजारी बसण्यात गेलेले तास जवळीक फारशी वाढवत नाहीत. निवांत एकत्र घालवलेला वेळ वाढवतो.

आता तुमचा हिशोब करून पाहा. सोळा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला दोन तासांचं काम, म्हणजे 32 तास. सुट्ट्या, परीक्षा आणि दांड्या वजा केल्या तर वीस. तेही जवळपास सगळे कामाचे. एवढ्यावर गट जमत नाही, यात कुणाचा दोष नाही. तास पुरत नाहीत, इतकंच. वार्षिक मेळाव्याने त्यात चार तासांची भर पडते, तीही सत्र संपताना, जेव्हा गळायचे ते गळून गेलेले असतात. त्यामुळे भेटींचा भर पहिल्या पाच-सहा आठवड्यांत हवा. बहुतेक गट नेमकं उलटं करतात.

कामानंतरचा अर्धा तास

एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. कामाचा दोन तासांचा कार्यक्रम दीड तासाचा करा आणि उरलेला अर्धा तास वेळापत्रकातच लिहा: 'साडेपाच ते सहा, आवरणं आणि बसणं.' वेगळ्या दिवशी वेगळी भेट ठेवली की तिला वेगळं निघावं लागतं, वेगळा विचार करावा लागतो आणि नव्या माणसाला 'जाऊ की नको' या प्रश्नाला पुन्हा तोंड द्यावं लागतं. इथे तो आधीच आलेला असतो. त्याला फक्त निघून जायचं नसतं.

अर्ध्या तासाची रचना अशी. पहिली दहा मिनिटं आवरायची: सामान मोजून पेटीत भरणं, खुर्च्या लावणं, हात धुणं. हे काम मुद्दाम नव्या-जुन्या जोड्यांना द्या. एक मोजतो, दुसरा लिहितो. दोघांना बोलल्याशिवाय गत्यंतर नसतं आणि विषयही आयता मिळतो. मग चार-चार जणांच्या घोळक्यांत बसायचं, काहीतरी खायचं-प्यायचं. शेवटच्या पाच मिनिटांत सगळे एकत्र येऊन दोनच गोष्टी: आज काय जमलं नाही, आणि पुढच्या वेळी कोण काय आणणार. दुसरी गोष्ट विसरू नका. ज्याने 'मी कात्री आणतो' असं चारचौघांत म्हटलंय, तो पुढच्या आठवड्यात येण्याची शक्यता वाढते.

हा अर्धा तास दोन कारणांनी फसतो. पहिलं, काम लांबतं आणि त्यातच तो खर्ची पडतो. म्हणून वेळ पाहणारा एक जण ठरवा आणि त्याला काम थांबवायचा अधिकार द्या, समोर प्रमुख असला तरी. दुसरं, कोअर टीम याच वेळात कोपऱ्यात जाऊन पुढच्या आठवड्याची बैठक उरकते. नव्या माणसाला त्यातून एकच गोष्ट कळते: खरा गट तिकडे आहे, आपण इकडे. कोअर टीमची बैठक दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या जागी.

चार जणांचा नियम आणि दाराजवळची जागा

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1995 मध्ये दाखवलं, की आपोआप जमलेल्या गप्पांच्या घोळक्यात साधारण चारच माणसं टिकतात. पाचवा आला की बहुधा घोळका फुटतो किंवा कुणीतरी मुका श्रोता होतो. वीस जणांचं मोठं वर्तुळ करून 'आता गप्पा मारू या' म्हटलं की तिघे बोलतात आणि सतरा मोबाइल काढतात, त्याचं कारण हेच. तेव्हा बसायची व्यवस्था चौघांची करा. खुर्च्या कमी ठेवा, जास्त नको; मोकळ्या खुर्च्या असल्या की माणसं एक-एक सोडून बसतात. प्रत्येक चौकडीत एकच जुना माणूस, दोन नकोत. दोन जुने एका ठिकाणी आले की गेल्या वर्षीच्या आठवणी निघतात आणि नव्यांना हसू न येणाऱ्या विनोदांवर हसावं लागतं. वीस मिनिटांनी चौकड्या बदला, पण सगळे एकदम नको. दोघे जागेवर, दोघे पुढच्या टेबलाला. म्हणजे प्रत्येक टेबलावर अर्धवट राहिलेल्या गप्पा चालू राहतात आणि पुन्हा 'तुझं नाव काय, शाखा कुठली' पासून सुरुवात करावी लागत नाही.

जागेचं महत्त्व किती असतं याचा जुना दाखला म्हणजे 1950 सालचा फेस्टिंगर, शाख्टर आणि बॅक या सामाजिक मानसशास्त्रज्ञांचा अभ्यास. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या विवाहित विद्यार्थ्यांच्या वसाहतीत कोण कुणाचा मित्र झाला हे त्यांनी पाहिलं. शेजारच्या दारांतले लोक मित्र झाले, हे अपेक्षितच होतं. गंमत अशी, की जिन्याच्या पायथ्याशी, म्हणजे येण्याजाण्याच्या वाटेवर राहणाऱ्यांच्या वरच्या मजल्यावरही ओळखी झाल्या. स्वभावापेक्षा वाट महत्त्वाची ठरली.

हे तुमच्या खोलीत असं वापरा: सर्वांत लाजाळू माणसाला वाटेवरचं काम द्या. नावाच्या पट्ट्या लिहिणं, पाण्याचे पेले भरणं, हजेरीचा कागद सांभाळणं. तिथे प्रत्येकाला एकदा तरी यावंच लागतं आणि बोलायला निमित्त असतं. उलट, बहुतेक गटांत ही कामं सर्वांत बोलक्या पदाधिकाऱ्याकडे असतात. त्याला त्यांची गरज नसते.

नावाच्या पट्ट्यांबद्दल दोन शब्द. जुन्यांनीही लावायच्या, प्रमुखानेसुद्धा. जाड मार्करने, फक्त हाक मारायचं नाव, दोन मीटरवरून वाचता येईल इतकं मोठं. पट्टी उजव्या खांद्याखाली लावली की हात मिळवताना किंवा समोर आल्यावर नजर सहज जाते. चौथ्या भेटीपर्यंत पट्ट्या ठेवाव्यात. 'आता ओळखी झाल्या' असं वाटून दुसऱ्याच भेटीत त्या बंद होतात. ज्यांच्या झालेल्या नसतात ते बिचारे विचारायला लाजतात.

हात गुंतलेले असले की तोंड सुटतं

आइसब्रेकर खेळांचा अतिरेक होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. स्वतःबद्दल दोन खरी आणि एक खोटी गोष्ट सांगा, असले खेळ बोलक्यांना आवडतात. बाकीचे आपली पाळी येईपर्यंत मनातल्या मनात वाक्य घोकत बसतात आणि इतरांचं काहीच ऐकत नाहीत. त्यापेक्षा हाताला काम देणारी संध्याकाळ ठेवा. साहित्याचे संच भरणं, वह्यांना कव्हरं घालणं, पत्रकांच्या घड्या घालणं, फलक रंगवणं, जुन्या पुस्तकांची वर्गवारी. नजर कामावर असते, त्यामुळे बोलण्यातल्या गप्प बसण्याच्या जागा अवघडत नाहीत.

समजा, दोनशे संच भरायचे आहेत आणि चोवीस जण येणार आहेत. सहा टेबलं, प्रत्येकी चार जण, समोरासमोर दोन-दोन. प्रत्येक टेबलावर सगळं सामान ठेवा आणि प्रत्येकाने पूर्ण संच भरायचा. कारखान्यासारखी एकच लांब रांग लावून 'तू पेन टाक, मी वही टाकतो' असं केलंत तर काम थोडं भराभर होईल, पण रांगेत माणसाला फक्त शेजारचे दोघे दिसतात, हळू हात चालणाऱ्यापुढे ढीग साचतो आणि त्याला उगाच अपराधी वाटतं. एका टेबलाच्या वाट्याला तेहेतीस-चौतीस संच येतात, म्हणजे माणशी आठ-नऊ. हे तासाभरात आरामात उरकतं. त्याहून जास्त काम ठेवू नका. काम संपून वीस मिनिटं उरली पाहिजेत. त्या वीस मिनिटांसाठीच हा खटाटोप. प्रत्येक टेबलावर एक नमुना-संच आणि सामानाची यादी ठेवा, नाहीतर संध्याकाळभर एकच माणूस 'यात पट्टी किती टाकायच्या?' याची उत्तरं देत फिरेल. अर्ध्यावर टेबलं बदलताना भरलेले संच मोजून मगच उठायचं, म्हणजे शेवटी आकडा जुळतो.

गाणी लावायची असतील तर इतक्या आवाजात, की टेबलापलीकडच्याशी नेहमीच्या आवाजात बोलता येईल. मोठ्या आवाजाने खोली रंगल्यासारखी वाटते, पण ओळखी होत नाहीत.

मुक्कामाचं शिबिर: कधी, किती जणांचं

एका रात्रीच्या मुक्कामाचे जागेपणीचे तास मोजले तर वीस-पंचवीस सहज भरतात, म्हणजे अख्ख्या सत्रात कामातून मिळतील तितके. म्हणून मुक्काम करायचाच तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात करा. दुसऱ्या आठवड्यात नवे धजत नाहीत, घरचेही पाठवत नाहीत. दहाव्या आठवड्यात आल्यावर उपयोग कमी.

वेळापत्रक जास्तीत जास्त साठ टक्के भरलेलं ठेवा. पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत सत्रंच सत्रं लावलेलं शिबिर माणसं दमवतं. मैत्री होते ती भांडी घासताना, झोपायच्या आधी आणि बस उशिरा आल्यावर. स्वयंपाकाच्या आणि आवराआवरीच्या तुकड्या चार-पाच जणांच्या, प्रत्येक जेवणाला बदलत्या. पदाधिकाऱ्यांना यातून सूट नको.

रात्री गोल करून 'आयुष्यातला सर्वांत कठीण प्रसंग सांगा' असा कार्यक्रम काही गट हौसेने करतात. तो करू नका. आर्थर अॅरन हा मानसशास्त्रज्ञ आणि त्याचे सहकारी यांनी अनोळखी माणसांत जवळीक वाढवायला तयार केलेले 1997 सालचे 36 प्रश्न यासाठी हमखास पुढे केले जातात. पण ती रचना दोघादोघांसाठी होती, पाऊण तासाची, आणि प्रश्न हलक्याकडून खोलाकडे तीन टप्प्यांत जात होते. तीस जणांसमोर एकदम खोल प्रश्न विचारला की एखादा गरजेपेक्षा जास्त बोलून जातो आणि दुसऱ्या दिवसापासून गटात येणं टाळतो. दोघादोघांनी तीस मिनिटं चालायला जा आणि सोबत पाच-सहा प्रश्न न्या, पहिला अगदी साधा; एवढं पुरतं. न आवडलेला प्रश्न गाळायची मुभा आधीच सांगा.

मुक्कामाचे नियम लेखी असू द्या: झोपायची वेगळी व्यवस्था, घरच्यांना कळवलेला पत्ता आणि परतीची वेळ, नशापाणी नाही, औषधं आणि ॲलर्जी यांची नोंद, एकट्याने पाण्यात उतरायचं नाही. तक्रार कुणाकडे करायची याची दोन नावं जाहीर करा. त्यांतलं एक गटप्रमुखाचं नसावं आणि दोघंही एकाच मित्रमंडळातले नसावेत. हे कागद रूक्ष वाटतात, पण घरून परवानगी मिळवताना मुलींना सर्वांत जास्त उपयोग त्यांचाच होतो.

स्पर्धा ठेवावी का?

एका संध्याकाळपुरती ठेवा. संघ कायमचे करून सत्रभर गुण मोजत बसू नका. 1954 मध्ये मुझफर शेरीफ या सामाजिक मानसशास्त्रज्ञाने एका शिबिरात अकरा-बारा वर्षांच्या 22 मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली, तेव्हा थोड्याच दिवसांत झेंडे जाळण्यापर्यंत मजल गेली. नुसतं एकत्र जेवायला बसवून वैर मिटलं नाही. पाण्याचा तुटलेला पुरवठा सुरू करणं, अडलेला ट्रक ओढणं अशी दोन्ही गटांना मिळूनच करावी लागणारी कामं आल्यावर ते निवळलं. तुमच्या गटात आधीच शाखांचे, वर्षांचे, वसतिगृहाचे आणि घरून येणाऱ्यांचे कंपू असतात. त्यांनाच संघ बनवू नका. चिठ्ठ्या टाकून संघ करा आणि खेळ संपला की मोडा.

पैसा, वेळ, आमंत्रण

वर्गणी हा विषय कुणी उघड बोलत नाही, माणसं नुसती यायची थांबतात. चार भेटींतल्या तीन बिनखर्चाच्या असाव्यात. चौथीला वर्गणी असेल तर रक्कम आमंत्रणातच लिहा आणि ती खजिनदाराकडे एकेकट्याने द्यायची पद्धत ठेवा. कुणाला माफी हवी असेल तर एका ठरलेल्या माणसाला निरोप पुरे. कारण विचारायचं नाही, ग्रुपवर 'कुणाचे राहिलेत' अशी यादी टाकायची नाही.

संपायची वेळ सुरू व्हायच्या वेळेइतकीच ठळक लिहा आणि पाळा. शेवटची बस, वसतिगृहाचं दार, घरचं बंधन यांमुळे ज्यांना लवकर निघावं लागतं, त्यांना दर वेळी मजा ऐन रंगात असताना उठावं लागत असेल तर ते चौथ्या वेळी येत नाहीत. आळीपाळीने एखादी भेट सकाळी किंवा दुपारच्या सुट्टीत ठेवा.

तारखेसाठी व्हॉट्सअॅपवर मतदान घेऊ नका. सात पर्याय, एकोणीस मतं आणि शेवटी कुणालाच न सोयीचा दिवस. दिवस कायमचा ठरवा, 'दर दुसरा शुक्रवार', आणि मोडू नका, सहाच जण आले तरी. मोफत कार्यक्रमाला हो म्हणणाऱ्यांतले तिसरा हिस्सा येणार नाहीत असं धरूनच खाणं आणि खुर्च्या ठरवा. ग्रुपवरचं 'सर्वांनी यावे' हे कुणालाच उद्देशून नसतं. प्रत्येक जुन्याने दोनच नव्यांना नाव घेऊन विचारायचं: 'मी पावणेपाचला फाटकापाशी थांबतो, बरोबर जाऊ.' एकट्याने दार उघडून आत शिरणं हीच नव्याची सर्वांत मोठी अडचण असते आणि ती या एका वाक्याने सुटते.

भेटीनंतर चोवीस तासांत, ज्याच्या टेबलावर नवा माणूस बसला होता त्याने स्वतः एक ओळ पाठवावी, बोलण्यातला एखादा धागा धरून. एरिका बूथबी ही मानसशास्त्रज्ञ आणि तिच्या सहकाऱ्यांनी 2018 मध्ये दाखवलं आहे, की पहिल्या गप्पांनंतर समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज माणसं कमीच बांधतात. नवा मुलगा 'आपण बावळटासारखं बोललो' असं समजून घरी जातो. पदाधिकाऱ्याचा 'आल्याबद्दल आभार' हा सगळ्यांना एकच संदेश त्यावर काही करत नाही.

काही गोष्टी जपायच्या

ज्यांच्यासाठी काम करता त्या मुलांना, रुग्णांना किंवा कुटुंबांना गटाच्या मौजमजेत ओढू नका, आणि त्यांच्या हकिकती गप्पांत विनोदाला वापरू नका. मेळाव्यात हे नकळत सुरू होतं. पहिल्याच वेळी जुन्या माणसाने विषय बदलायचा. फोटो ग्रुपबाहेर टाकण्याआधी विचारायचं. स्वयंसेवेच्या तासांचं प्रमाणपत्र देत असाल तर भेटींचे तास त्यात धरू नका, नाहीतर सही करून निघून जाणाऱ्यांनी खोली भरेल. हजेरी सक्तीची करण्याचा मोह तर अजिबात नको.

आयोजनाची जबाबदारी दर वेळी वेगळ्या जोडीकडे, एक जुना आणि एक नवा. एकाच उत्साही मुलीने सगळं सत्र ओढलं की ती परीक्षेच्या आधीच थकते आणि पुढच्या वर्षी कुणाला काहीच माहीत नसतं. जोडीने मागे एक पान सोडायचं: किती आले, किती सामान उरलं, काय कमी पडलं, खोलीची किल्ली कुणाकडे असते. परीक्षेच्या दोन-तीन आठवड्यांत काही ठेवू नका. फार तर एकत्र अभ्यासाला बसा, पन्नास मिनिटं गप्प आणि दहा मिनिटं गप्पा.

जमतंय की नाही, हे कशावरून कळेल

डोकी मोजून कळत नाही. एक वही ठेवा, चार रकाने: नाव, पहिल्यांदा कधी आला, कुणाबरोबर आला, दुसऱ्यांदा कधी आला. पाहायचा तो चौथा रकाना. पहिल्या भेटीनंतर तीन आठवड्यांत तो कोरा राहिला तर तो माणूस बहुधा गेलाच. तिसरा रकाना कोरा असलेल्यांचाच चौथाही कोरा दिसत असेल, तर अडचण कार्यक्रमात नाही, आमंत्रणात आहे. पाचव्या आठवड्यात प्रत्येकाला न पाहता गटातली नावं लिहायला सांगा, कागदावर स्वतःचं नाव न घालता. दहाच्या आत थांबलेले कागद बरेच असतील तर चौकड्या पुरेशा बदलत नाहीत.

दोन भेटी चुकवलेल्याला ग्रुपवर टॅग करू नका. ज्याच्याशी त्याचं सर्वांत जास्त बोलणं झालं होतं त्याने स्वतंत्रपणे लिहावं, आणि 'का आला नाहीस' हा प्रश्न टाळावा. 'शुक्रवारी फलक रंगवायचेत, तुझं अक्षर चांगलं आहे, येशील का? नाही जमलं तरी हरकत नाही.' उत्तर आलं नाही तर महिन्याने आणखी एकदा विचारावं. त्यानंतर नाव यादीतून काढावं, पण ग्रुपमधून नाही. परीक्षा संपल्यावर त्यांतले काही जण आपणहून येतात.